साठविणे आणि जतन करणे



२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात विश्वामित्रीच्या पुराचे पाणी आपल्या मंदिराच्या कचेरीत शिरले व लोखंडी कपाटाच्या तळच्या कप्प्यातील जुन्या वह्या भिजल्या, हे बहुतेक सभासदांस ठाऊक आहेच. वह्या सावलीत वाळवून झाल्यावर साहजिकच असा विचार पुढे आला की, उत्सवांचे जमाखर्च, अन्नदानाच्या नोंदी, देणगीदार कुटुंबांची नावे आणि पदांची हस्तलिखित बाडे या सर्वांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात साठवावीत. विचार योग्य आहे, आणि ते काम माझ्याकडे सोपविण्यात आले आहे. परंतु त्याच बैठकीत दुसरीही एक सूचना आली. एकदा सर्व संगणकात गेले म्हणजे ही जीर्ण बाडे चांदोदला नेऊन नर्मदामाईच्या स्वाधीन करावीत. कपाटही मोकळे होईल आणि चिंताही मिटेल, अशी ती सूचना होती.

त्यातील ‘चिंता मिटेल’ हे शब्द माझ्या मनात घोळत राहिले. एखादी वस्तू साठविली म्हणजे ती जपण्याची चिंता खरोखर मिटते काय? साठविणे आणि जतन करणे ही एकच क्रिया आहे, की या दोन निराळ्या क्रिया आहेत? प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. परंतु विचारांती तो कर्तव्याचा आहे असे माझ्या अल्पमतीस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम संगणकाची साठवण कशी वाढत गेली ते पाहू. नुसत्या आकड्यांनी मन भांबावते, यास्तव आपल्या परिचयाचे एक माप घेऊ. श्रीमद्भगवद्गीतेचे श्लोक ७००. त्यांतील बहुतेक ३२ अक्षरांचे. म्हणजे सारी गीता सुमारे साडेबावीस हजार अक्षरांची झाली. संगणक आपली साठवण ‘बाइट’ या मापाने मोजतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही तो स्वतंत्र चिन्हे समजतो. एका अक्षरास सरासरीने दोन-तीन चिन्हे धरली, तर संपूर्ण गीता अदमासे २ लाख बाइटांत मावते. ‘एक गीता’ हेच आपले माप.

१८९० साली अमेरिकेतील खानेसुमारीसाठी हर्मन हॉलरिथ यांनी जाड कागदाच्या पत्रांस भोके पाडून माहिती नोंदविण्याची व मोजण्याची यंत्रे उपयोगात आणली. पुढे १९२८ पासून रूढ झालेल्या पत्रावर ८० स्तंभ असत. म्हणजे एका पत्रावर ८० अक्षरे. या हिशेबाने एका गीतेस अडीच हजार पत्रे लागली असती. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने ‘रॅमॅक’ या यंत्रासमवेत चुंबकीय तबकड्यांची पहिली साठवण बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकीवर एक रचलेल्या, मिनिटास १२०० फेरे घेणाऱ्या; सर्व मिळून वजन सुमारे एक टन. इतक्या अवजड सरंजामात मावत काय होते? आजच्या मापाने ३७-३८ लाख बाइट, म्हणजे अठरा-वीस गीता.

आपल्या देशातही हे शास्त्र लवकरच रुजले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा भारतीय शास्त्रज्ञांनी घडविलेला संगणक कामास लागला. त्याची कामचलाऊ स्मृती, म्हणजे आकडेमोड चालू असता लागणारी, मण्यांसारख्या बारीक चुंबकीय कड्यांमधून तारा ओवून केलेली होती. तिच्यात ४० बिटांचे २०४८ शब्द राहत. आपल्या मापाने तो गीतेचा जेमतेम एक अध्याय होईल.

त्यानंतरची वाढ पाहून मन थक्क होते. १९७१ साली लवचीक तबकडी, म्हणजे फ्लॉपी, आली. तिच्या शेवटच्या प्रचलित, साडेतीन इंची रूपात सात गीता मावत. ज्या सी.डी.वर लेझर किरणाने वाचन होते, तिच्यात तीन हजारांवर गीता मावू लागल्या. १९८४ साली जपानमधील फुजिओ मासुओका यांनी ‘फ्लॅश’ स्मृतीची कल्पना जगापुढे मांडली. हिच्यात फिरणारे चक्र नाही, केवळ कोंडून ठेवलेला विद्युद्भार आहे. या स्मृतीचे नखाएवढे कार्ड २०१९ साली एक टेराबाइटपर्यंत, म्हणजे एक लाख कोटी बाइटांपर्यंत, पोचले. त्या नखाएवढ्या तुकड्यात ५० लाख गीता बसतात. २०२४ साली ३० टेराबाइटची चुंबकीय तबकडी मोठ्या संस्थांसाठी बाजारात आली. त्या एका पेटीत, जी आपण हातावर सहज घेऊ शकतो, १५ कोटी गीता राहतील.

मानवी बुद्धीच्या या पराक्रमापुढे मस्तक नम्र होते, यात शंका नाही. तथापि येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. साठवण कोटीपटींनी वाढली. पण साठविलेल्या वस्तूचे आयुष्य वाढले काय? चुंबकीय तबकडीची पेटी काही वर्षांनी बदलावीच लागते. फ्लॅश कार्डातील भार वर्षानुवर्षे विजेवाचून पडून राहिल्यास हळूहळू झिरपून जातो. आपण घरी ज्या सी.डी. तयार करीत होतो, त्यांत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. तो काळाने विटला की वाचन संपले. आणि माध्यम धडधाकट राहिले, तरी ते वाचणारे यंत्र उरत नाही. आज फ्लॉपी वाचावयाची तर यंत्र शोधत हिंडावे लागते.

या संबंधात इंग्लंडमधील एक हकीकत बोधप्रद आहे. तेथील विल्यम राजाने १०८६ साली आपल्या राज्यातील जमीनजुमल्याची पाहणी करवून ती चर्मपत्रांवर लिहवून घेतली. ‘डूम्सडे बुक’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिला ९०० वर्षे झाली त्या निमित्ताने १९८६ साली बी.बी.सी.ने नवी पाहणी केली. शाळाशाळांतील मुलांसह दहा लाखांवर लोकांनी आपापल्या गावाची माहिती व चित्रे दिली, आणि हा संग्रह लेझरने वाचावयाच्या दोन मोठ्या तबकड्यांवर साठविण्यात आला. पुढे काय झाले? २००२ च्या सुमारास ती तबकडी वाचणारी यंत्रे इतकी दुर्मीळ झाली की, संग्रह कायमचा हातचा जातो की काय अशी धास्ती उत्पन्न झाली. तज्ज्ञांनी पुष्कळ खटपट करून, जुन्या यंत्राची नक्कल करणारी योजना संगणकात रचून, तो वाचविला. इकडे ९०० वर्षांपूर्वीचे चर्मपत्र मात्र ज्यास जुनी लॅटिन येते त्याला आजही वाचता येते. सोळा वर्षांत नवे जीर्ण झाले, आणि नऊशे वर्षे जुने टिकले.

यावरून चर्मपत्र श्रेष्ठ आणि यंत्र कनिष्ठ, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ते पुस्तक टिकले याचे कारण केवळ कातडे चिवट होते हे नव्हे. नऊशे वर्षे कोणी ना कोणी ते सांभाळीत आले होते, हे खरे कारण होय. दुसरी एक हकीकत याचीच साक्ष देते. १९६६ व १९६७ साली अमेरिकेच्या ‘लूनर ऑर्बिटर’ यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठविली, व ती चुंबकीय फितींवर नोंदविली गेली. पुढे या फिती अडगळ झाल्या. परंतु नॅन्सी एव्हान्स या बाईंनी त्या टाकून देण्यास संमती दिली नाही. इतकेच नव्हे, तर त्या फिती वाचणारी, कपाटाएवढी मोठी यंत्रे त्यांनी कित्येक वर्षे आपल्या घरच्या मोटारखान्यात ठेवून घेतली. २००८ साली काही हौशी जाणकारांनी ती यंत्रे दुरुस्त केली, आणि चंद्राच्या क्षितिजावरून दिसणाऱ्या पृथ्वीचे १९६६ मधील चित्र पूर्वी कधी दिसले नव्हते इतके स्वच्छ दिसले. त्याच देशात १९६९ च्या चांद्रविजयाच्या मूळ चित्रणाच्या फिती मात्र पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे २००९ साली जाहीर करावे लागले. फिती दोन्हीकडे होत्या. एकीकडे एक माणूस होते, दुसरीकडे नव्हते.

येथे घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. उत्सवात पालखी निघताना म्हणावयाचे जे पद आहे, त्याचे शब्द बाडात आहेत. पण त्याची चाल केवळ माझ्या आजोबांच्या कंठात होती. २००७ साली, मी आठ वर्षांचा असताना, एका परिचिताने त्यांचा आवाज नोंदवून सी.डी. करून दिली. आजोबा २०१२ साली निवर्तले. वडिलांनी ती सी.डी. देवघराच्या फडताळात रेशमी रुमालात गुंडाळून ठेवली. तिच्यावर धूळ बसली नाही, तिला ओरखडा उठला नाही, आणि ती कोणी ऐकलीही नाही. २०२२ च्या उत्सवाच्या आधी ती काढून लावली, तेव्हा यंत्राला तिच्यात काहीच आढळेना. दोन-तीन ठिकाणी हिंडलो, उत्तर तेच.

मी खिन्न होऊन बसलो असता वडील म्हणाले, “अरे, तबकडीत आहे म्हणून तू शिकला नाहीस, आणि तबकडीत आहे म्हणूनच मीही तुला शिकविले नाही. आपण दोघांनी आपले काम तिच्यावर टाकले. तिचा काय दोष?” वडिलांना पदाची सुरुवात व शेवट येत होता. मधल्या दोन कडव्यांत चाल बदलते, आणि तेथे आजोबा एकटेच म्हणत, वडील टाळ धरीत. काकडआरतीस नित्य येणाऱ्या एका वृद्ध आजींनी त्यांतील एका कडव्याची चाल गुणगुणून दाखविली. दुसऱ्या कडव्याची कोणालाच आठवली नाही. तेव्हापासून ते कडवे आम्ही पहिल्याच्या चालीवर म्हणतो. ऐकणाऱ्यास कळत नाही. म्हणणाऱ्यास प्रत्येक वेळी कळते.

या अनुभवावरून मला जे उमगले ते असे. साठवणीचे खरे भय ती नष्ट होते हे नसून, ती आहे या भरवशावर आपण आपले कर्तव्य सोडतो, हे आहे. सी.डी. नसती, तर मी ती चाल आजोबांच्या पायाशी बसून शिकलो असतो.

यावर कोणी म्हणेल, की हा दोष जुन्या साधनांचा. आता ‘क्लाउड’ आहे, तेथे काही नष्ट होत नाही. नाव मेघाचे असले, तरी तो मेघ आकाशात नाही. कोठेतरी मोठ्या इमारतीत तबकड्यांच्या रांगा आहेत, त्यांना अहोरात्र वीज लागते, आणि बिघडलेली तबकडी काढून नवी बसविणारी माणसे लागतात. एकाच माहितीच्या अनेक प्रती निरनिराळ्या जागी ठेवलेल्या असतात, म्हणून एक तबकडी गेली तरी माहिती राहते. तेथेही टिकाव धरते ती तबकडी नव्हे. पुनःपुन्हा प्रत करण्याचा क्रम टिकाव धरतो. आणि ज्या दिवशी वर्गणी भरणारा कोणी उरत नाही, त्या दिवशी तोही क्रम थांबतो.

हे तत्त्व आपणांस नवे नाही. वेदपठणाच्या परंपरेत क्रम, जटा, घन असे पाठ आहेत. जटापाठात दोन पदे सरळ, उलट व पुन्हा सरळ म्हणतात. घनपाठात तिसरे पद घेऊन हीच गुंफण वाढवितात. एखादे पद गळले वा मागेपुढे झाले, तर ते तत्काळ उघडकीस यावे हा त्याचा एक मोठा उपयोग. १९६० साली अमेरिकेतील रीड व सॉलोमन या गणितज्ञांनी चूक हुडकून दुरुस्त करणारी एक पद्धत सिद्ध केली, व पुढे सी.डी.त तिचा उपयोग झाला. तीतही मूळ माहितीसोबत तिच्यावर आधारलेली जादा माहिती ठेवावी लागते. आमच्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता, असली पोकळ फुशारकी मला मारावयाची नाही. गणित निराळे आहे आणि पाठ निराळे आहेत. चुका होणारच हे गृहीत धरून त्यांच्यासाठी आधीच व्यवस्था करण्याची नम्रता मात्र दोहोंत सारखी आहे.

आपल्याच वडोदऱ्याचे उदाहरण घ्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून, निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते जमवून व पाठ ताडून ते काम झाले. ते शक्य झाले, कारण अनेक शतके अनेक घरांत कोणीतरी दिव्याच्या उजेडात जुन्या पोथीवरून नवी पोथी उतरवून घेतली होती. त्यांतील एकाही लेखकाला असे वाटले नाही, की आधीची प्रत आहे, मग आपली चिंता मिटली.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. जागा महाग होती तेव्हा काय ठेवावे याचा विचार सक्तीनेच करावा लागे. कधी तो चुकेही. सालाचे चार आकडे लिहिण्याऐवजी दोनच लिहून जागा वाचविण्याची रीत पडली, आणि २००० साल उगवताना जगभरच्या संगणकांत ती निस्तरावी लागली. आज जागा स्वस्त आहे, म्हणून सर्वच ठेवावे, असे आपण सहज म्हणतो. परंतु सर्वच ठेवणे हा विवेक नसून विवेकाची टाळाटाळ आहे. पूर्वी विसरणे आपोआप घडे. आता विसरण्यासाठी निश्चय करावा लागतो. २०१४ साली युरोपातील सर्वोच्च न्यायालयाने, जुनी व गैरलागू झालेली माहिती आपल्या नावाच्या शोधातून काढविण्याचा हक्क व्यक्तीस आहे, असा निर्णय दिला. आपल्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातही माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे.

भिजलेल्या वह्यांची पाने उलटताना मला अशीच एक नोंद आढळली. फार वर्षांपूर्वी एका कुटुंबात जातीबाहेर विवाह झाला, म्हणून त्या घराचा पालखीस खांदा देण्याचा मान काढून घेतला, असे तीत नावानिशी लिहिले आहे. कागदावर ही नोंद कपाटात निजलेली होती. संगणकात ती अक्षरांनी उतरविली, तर कोणीही आडनाव टाकताच क्षणात वर येईल. मग करावे काय? ती पुसून टाकणे मला मान्य नाही. तसे केल्यास आपल्या संस्थेच्या हातून झालेला अन्यायही पुसला जाईल, आणि तो आपण विसरू नये. पण त्या घराचे दुःख चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकारही आपणांस नाही. माझ्या मते मूळ पान जसेच्या तसे राखावे, शोधाच्या यादीतून ते नाव वगळावे, आणि त्या कुटुंबातील हयात मंडळींस आदराने भेटून त्यांची इच्छा विचारावी. यंत्र हे विचारू शकत नाही. ते आपणच विचारले पाहिजे.

असो. लेख लांबला. कार्यकारी मंडळापुढे माझ्या तीन नम्र विनंत्या आहेत. पहिली, छायाचित्रे अवश्य घ्यावीत. पण मूळ बाडांचे विसर्जन करू नये, ती वरच्या कप्प्यात, पुराच्या पातळीहून उंच ठेवावीत. दुसरी, संगणकातील संग्रहाच्या किमान तीन प्रती असाव्यात व त्यांतील एक वडोदऱ्याबाहेर असावी. दर वर्षी एका सभासद कुटुंबाने तिचे यजमानपद घ्यावे. नवरात्रात सरस्वतीपूजनास आपण पोथ्या मांडतो, तेव्हा त्यांच्या शेजारी ही साठवणही मांडावी. दुसऱ्या दिवशी विसर्जनानंतर पोथी उघडून वाचावी, तशीच तीही उघडून वाचावी; आणि जे वाचता येत नाही ते त्याच आठवड्यात दुसऱ्या प्रतीवरून पुन्हा उतरवावे. तिसरी, जी पदे व चाली अद्याप कोणाच्या कंठात आहेत, त्या नोंदवून घेण्याआधी, निदान त्याच वेळी, दोन मुलांना शिकवाव्यात.

या तिसऱ्या कामास मी आरंभ केला आहे. त्या आजींकडे दर रविवारी दुपारी जातो. माझ्यासोबत शेजारची दोन मुलेही येतात. आजींचा आवाज आता बारीक झाला आहे, त्यामुळे जवळ बसावे लागते. हरवलेल्या कडव्याची चाल त्यांना अजून आठवलेली नाही. ज्येष्ठ सभासदांपैकी कोणास ती आठवत असेल, तर सकाळच्या पूजेनंतर मला मंदिरात बोलावून सांगावी, ही प्रार्थना. लहान तोंडी मोठा घास घेतला असल्यास वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.